लिव्हरसाठी कॉफी : सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घराचं प्रकरण

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपून आठवडा झाला असेल. दुपारची ओपीडी आटोपत आली होती, तेव्हा तो रिपोर्टची पिशवी घेऊन आत आला. वय ४६, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा. दसऱ्याच्या सुमारास पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली होती, त्यात ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं होतं. तेव्हाचं वजन ८४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कमरेचा घेर १०२, एसजीपीटी (लिव्हरला होणारी इजा दाखवणारी रक्ततपासणी) ७१, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के. दारूला कधी शिवलेला नाही. तळलेलं कमी करा, रात्रीचा भात आवरा, रोज चाला असं सांगून मी त्याला तीन महिन्यांनी बोलावलं होतं.

आता वजन ८६.५ होतं आणि एसजीपीटी ८८. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २६८.

"पथ्य पाळलं नाही का?"

"सगळं पाळलं की, डॉक्टर. भजी बंद, भात बंद. तुम्ही सांगितलेली कॉफीपण चालू केली. रोज पाच वेळा."

मी कॉफी कधी सांगितली? जुना केस पेपर काढला, त्यावर कॉफीचा उल्लेख नव्हता. मग आठवलं. दसऱ्याच्या त्या भेटीत तो खुर्चीतून उठता उठता म्हणाला होता, "चहा चालेल ना?" आणि पुढच्या पेशंटचा कागद हातात घेत मी म्हणालो होतो, "चहापेक्षा कॉफी घ्या, लिव्हरला चांगली असते." तेवढंच. किती, कशी, कधी, कोणी, यातलं काही बोललो नव्हतो. तो अर्धा सल्ला घेऊन माणूस घरी गेला आणि त्याने तो मनापासून पाळला.

त्या घरात पुढे काय झालं ते नवरा-बायको दोघांच्या परवानगीने इथे लिहितो आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, तपासण्यांचे आकडे मात्र तसेच ठेवले आहेत.

मी जे म्हणालो, त्याला आधार होता

लिव्हर आणि कॉफी यांचा संबंध अनेक वर्षं अभ्यासला गेला आहे. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सव्वा लाख लोकांच्या नोंदींवरून असं दिसलं, की दारूमुळे होणारा सिरॉसिस (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार) कॉफी पिणाऱ्यांमध्ये कमी होता. रोजच्या एकेका कपामागे साधारण २२ टक्क्यांनी कमी. २०२१ मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या ४,९४,५८५ लोकांचा अभ्यास आला. त्यांच्यावर सुमारे ११ वर्षं लक्ष ठेवलं होतं. कॉफी न पिणाऱ्यांच्या तुलनेत पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचा जुनाट आजार २१ टक्क्यांनी कमी आढळला आणि त्या आजाराने येणारा मृत्यू ४९ टक्क्यांनी कमी. तीन-चार कपांपर्यंत फायदा वाढत जातो, त्यापुढे फारसा वाढत नाही, असंही त्यात दिसलं. इन्स्टंट आणि कॅफीन काढलेली कॉफी पिणाऱ्यांनाही फायदा दिसला, म्हणजे सगळं श्रेय एकट्या कॅफीनला देता येत नाही. कॉफीच्या बीत क्लोरोजेनिक आम्लं आणि इतर अनेक द्रव्यं असतात, त्यांचाही वाटा असणार.

मधुमेहाचंही असंच आहे. २८ अभ्यासांमधल्या अकरा लाखांहून जास्त लोकांची माहिती २०१४ मध्ये एकत्र मांडली गेली. रोजच्या प्रत्येक जादा कपामागे टाइप २ मधुमेहाची शक्यता साधारण ९ टक्क्यांनी कमी दिसली, कॅफीन नसलेल्या कॉफीत ६ टक्क्यांनी. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोनशेहून जास्त एकत्रित विश्लेषणांचा आढावा आला. त्यातही रोज तीन ते चार कप पिणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचं प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी होतं.

पण हे जवळजवळ सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. कोण काय पितं याची नोंद करायची आणि पुढे त्याचं काय होतं ते बघायचं. आजारी माणूस बऱ्याचदा आधीच कॉफी सोडून देतो, मग कॉफी पिणारे आपोआप जास्त धट्टेकट्टे दिसतात. असे घोटाळे अभ्यासक गणिताने दूर करायचा प्रयत्न करतात, तरी थोडे उरतातच. म्हणून कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे आजार कमी दिसतात हे मी खात्रीने सांगू शकतो. पण कॉफी प्यायल्याने तुमचं फॅटी लिव्हर बरं होईल, असं वचन कुणालाही देऊ शकत नाही. त्या दिवशी माझ्या एका वाक्यात हे दोन्ही एकत्र कालवलं गेलं.

आणखी एक. या अभ्यासांमधला 'कप' ब्रिटनचा, अमेरिकेचा आहे. पूर्व भागातल्या आमच्या घरांमधला स्टीलचा पेला त्यात कुणी मोजलेला नाही.

पेला

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद करून मी त्याच्या घरी गेलो. दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत दारापाशी उजेड बघून त्याची बायको विड्या वळत बसलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे. दसऱ्याला आला तेव्हा त्यानेच पितळी फिल्टर आणि कॉफीची पुडी आणली होती. वडिलांच्या तब्येतीसाठी डॉक्टरांनी कॉफी सांगितली म्हटल्यावर पोराने कौतुकाने सगळं केलं होतं.

मी म्हटलं, "अक्का, नेहमी करता तशीच कॉफी करा. माझ्यासाठी वेगळं काही नको."

तिने केली. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला दाट अर्क, पेल्याच्या तळाला तीन बोटं. वर म्हशीचं दूध, सायीसकट. दोन चमचे साखर, चमचे भरून वर शीग आलेली. पेल्यात पाणी ओतून मी औषधाच्या मापाने मोजलं, १८० मिली भरलं. मग फळीवरची पुडी उलटून मागचा बारीक मजकूर वाचला : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. म्हणजे पावडरीचा निम्मा भाग कॉफीच नव्हती. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे. त्याने रंग येतो, दाटपणा आणि कडवटपणा येतो, पण कॅफीन त्यात नसतं आणि लिव्हरच्या त्या अभ्यासांशी त्याचा काही संबंध नाही. यात फसवणूक कुणाची नाही. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी आणि दोन्हींचं प्रमाण पुडीवर छापावं असा नियमच आहे. छापलेलं असतं, फक्त वाचायचं आपल्या डोक्यात येत नाही.

साखरेचा अंदाज चमच्यांवरून धड लागेना. शिगेचा चमचा रोज सारखा थोडाच भरतो? तेव्हा मी किराणा विचारला.

"साखर महिन्याला किती लागते?"

"आधी चार किलो यायची. आता साडेसात."

ती विडी वळता वळता हे सहज बोलून गेली. महिन्याला साडेतीन किलो जादा, म्हणजे घराच्या पोटात दिवसाला साधारण ११५ ग्रॅम. त्यातली ७० ग्रॅम एकट्या त्याची, पाच पेल्यांची. मोकळ्या साखरेबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की ती दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि जमलं तर ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. त्यात म्हशीचं अर्धा लिटरहून जास्त दूध. साखर आणि दूध मिळून दिवसाला सातशे-आठशे कॅलरी नव्याने पोटात जात होत्या, आणि त्या औषध म्हणून. भात सोडून त्याने जे कमावलं, ते पेल्याने परत आणून ठेवलं आणि वर भर घातली. फॅटी लिव्हरमध्ये जादा साखरेची चरबी लिव्हर स्वतःच तयार करतं. ट्रायग्लिसराइड का चढलं, याचं उत्तर किराणाच्या यादीत होतं.

चहा सुटला असता तरी एक वेळ ठीक होतं. पण कारखान्यात तीन वेळा चहा यायचाच, आणि सगळे घेत असताना याने कसा नाकारायचा?

शेवटचा पेला रात्री नऊला, कामावरून आल्यावर. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. नऊला घेतलेल्यातलं निम्मं रात्री दोनला रक्तात शिल्लक असतं. झोप लागत नाही, एक-दीड वाजतो, असं तो म्हणालाच. त्याला वाटत होतं मागामागून काम सांगणाऱ्या मालकाचं टेन्शन आहे. अपुरी झोपही वजन आणि साखर बिघडवते, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेणाऱ्यांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. त्याचा पेला तितका जड नव्हता, पण तो घेऊन दोन तासांत हा आडवा व्हायचा.

कोपऱ्यातल्या खाटेवरून त्याची आई सगळं ऐकत होती. "मी आधीच सांगितलं होतं, कॉफी उष्ण पडते," ती म्हणाली. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ही भीती इथे घरोघरी आहे. कॉफीने अंगातलं पाणी जातं, असंही लोक म्हणतात. रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना २०१४ मध्ये एका अभ्यासात दिवसाला चार मग कॉफी दिली, नंतर तेवढंच पाणी दिलं. शरीरातल्या पाण्याच्या पातळीत काही फरक दिसला नाही. आजींना मी हे सांगितलं. त्यांना पटलं नाही, आणि त्यांनी कॉफी प्यावी असा माझाही आग्रह नव्हता.

सूप बाजूला ठेवून ती उठली तेव्हा

मी निघालो होतो. दारापर्यंत सोडायला ती उठली आणि चौकटीला हात टेकून क्षणभर थांबली. संध्याकाळच्या उजेडात तिच्या डोळ्यांची खालची पापणी पांढरट दिसली. नखंही.

"अक्का, चक्कर येते का?"

"ते नेहमीचंच. रक्त कमी आहे ना. गोळ्या चालू आहेत."

वय ४१. नोव्हेंबरात हिमोग्लोबिन ८.४ आलं होतं म्हणून सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. तिने एकही चुकवली नव्हती, रिकाम्या पट्ट्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तपासलं तर ८.६. दोन महिन्यांहून जास्त गोळ्या घेऊन काट्याला जेमतेम हालचाल. लोहाची कमतरता असेल आणि गोळी नीट लागू पडत असेल, तर महिन्याभरात एक ग्रॅम तरी चढायला हवं.

"गोळी कशाबरोबर घेता?"

"कॉफीबरोबर. पाण्याने मळमळतं. कॉफीत तिची चव लागत नाही."

या प्रकरणात माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली जागा ही आहे. कॉफीतली पॉलिफेनॉलं (क्लोरोजेनिक आम्लं त्यातलीच), जी लिव्हरच्या बाबतीत गुणाची मानली जातात, तीच आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ मध्येच हे मोजलं गेलं होतं. जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली तर त्या जेवणातलं लोह ३९ टक्क्यांनी कमी शोषलं गेलं, चहाने तर ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही, पण जेवणानंतर तासाभराने घेतली तरी नुकसान बरोबर घेतल्याइतकंच झालं. लोहाच्या गोळीवर २०२३ मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी काम केलं. लोह कमी असलेल्या तरुण बायकांनी गोळी कॉफीबरोबर घेतली तेव्हा शोषण ५४ टक्क्यांनी घटलं. कॉफीसकट न्याहारीबरोबर घेतली तेव्हा ६६ टक्क्यांनी.

आता तिची सकाळ बघा. लोहाची गोळी, दूध घातलेली कॉफी, सोबत ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं, भाकरी-शेंगांमधली फायटेटंही येतात. भाकरी तिच्या आयुष्याचा आधार आहे, ती मी काढून घेणार नाही. कॉफी हलवता येत होती.

नवऱ्याच्या लिव्हरसाठी घरात आलेली वस्तू बायकोच्या गोळीच्या आड येऊन बसली होती, आणि दोन्ही माझ्याच एका वाक्यातून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे पुरुषाला खाण्यापिण्याचा कुठलाही सल्ला देताना, त्याच्या घरात तेच अन्न-पाणी घेणारी एक तरी बाई पांढऱ्या नखांची असणार हे मी गृहीत धरायला हवं होतं. इतकी वर्षं याच भागात विडी वळणाऱ्या बायका तपासतोय. मला हे सुचायला हवं होतं.

काय बदललं

कॉफी बंद करा म्हणणं सोपं होतं. मी ते केलं नाही. एक तर त्याच्यासाठी ती खरोखर योग्य असू शकते. दुसरं, पाच पेल्यांवरून एकदम शून्यावर आलं तर दिवसाभरात डोकं ठणकायला लागतं, माणूस चिडचिडा होतो, आणि सगळ्या पथ्यावरचाच विश्वास उडतो.

त्याच्यासाठी ठरलं ते असं. १८० मिलीचा पेला फळीवर. घरात १०० मिलीचे जुने कप होते, ते काढले. दिवसात तीन कप, शेवटचा दुपारी दोनच्या आत. कारखान्यात नेहमीच्या तीन चहांऐवजी एकच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार दिवसाचं कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावं. १५० मिली उकळलेल्या कॉफीत ते ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहाच्या कपात ३० ते ६५ असतं. कॉफी मोजणारे बरेच जण चहा मोजायला विसरतात. दूध साय काढून. साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी, म्हणजे महिन्याभरात बिनसाखरेची. पुढची पुडी आणताना मागचा मजकूर वाचून चिकोरी कमी असलेली.

फिल्टरबद्दलही बोललो, कारण त्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ होतं. कॉफीच्या तेलकट अंशात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते एलडीएल वाढवतं. कागदी गाळणी ते बरंचसं अडवते, धातूच्या जाळीतून ते निसटतं. इन्स्टंटमध्ये ते अगदी थोडं असतं. तीन लहान कपांसाठी लगेच फिल्टर मोडीत काढायची गरज मला वाटली नाही. एलडीएल बघत राहायचं ठरलं.

वाफाळती कॉफी घशात ओतायची सवय मात्र सोडायला लावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगासाठी संशयितांच्या यादीत घातलं होतं. २०१६ मध्ये हजारावर अभ्यास तपासून तो संशय मागे घेतला. त्याच बैठकीत ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम असलेलं कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा धोक्याचं ठरवलं. पेल्यातून वाटीत दोनदा वर-खाली केली की बरीच निवते.

तिची गोळी सकाळी उठल्या उठल्या, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. मळमळलं तर एक दिवसाआड चालेल, पण कॉफीबरोबर कधीच नको. पहिली कॉफी त्यानंतर दोन तासांनी, आणि जेवण झाल्यावर दोन तास चहा-कॉफी काही नाही. त्याच दिवशी मी तिला जंताची गोळीही दिली. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढच्या सुधारणेचं सगळं माप कॉफीच्या पदरात घालणं प्रामाणिक होणार नाही.

तो रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेरी मारायला लागला. आधी एक, मग दोन.

जुलैपर्यंत

मार्चच्या सुरुवातीला तिचं हिमोग्लोबिन १०.१ होतं, जुलैमध्ये ११.९. चौकटीला हात टेकणं थांबलं. पूर्वी दुपारी दोनदा आडवं व्हावं लागायचं, आता एका बैठकीत जास्त विड्या होतात असं ती सांगते. बाराच्या वर गेल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची आहे, शरीरातला साठा भरायला.

त्याचं वजन जुलैमध्ये ८० किलो, म्हणजे जानेवारीपेक्षा साडेसात टक्के कमी. एसजीपीटी ४६, ट्रायग्लिसराइड १७२, एलडीएल १३९, सरासरी साखर ५.८. अकराला झोप लागते. सोनोग्राफीत ग्रेड १. वजन सात ते दहा टक्के उतरलं की लिव्हरची सूजही ओसरायला लागते हे पक्कं माहीत असलेलं आहे, त्यामुळे यातलं बहुतेक श्रेय मी चालण्याला आणि सुटलेल्या साखरेला देतो. तीन कप कॉफीचा हात किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही, आणि त्याला मी तसंच सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या डॉक्टर, आता बिनसाखरेचीच आवडायला लागलीय."

किराणात साखर महिन्याला तीन किलोवर आली आहे.

माझ्या टेबलावरही एक बदल झाला. कुणालाही कॉफी घ्या म्हणायचं असेल तर मी ती औषधासारखी चिठ्ठीवर लिहितो : कप केवढा, दिवसात किती, शेवटचा किती वाजता, साखर नाही. आणि लिहिण्याआधी विचारतो, घरात आणखी कोण पिणार, आणि त्यातलं कोण लोहाची किंवा थायरॉइडची गोळी घेतं. थायरॉइडची गोळीही कॉफीबरोबर नीट शोषली जात नाही, तिलाही निदान अर्धा-पाऊण तासाचं अंतर लागतं.

गेल्या आठवड्यात ती एकटीच आली होती, गोळ्यांची नवी पट्टी घ्यायला. जाताना म्हणाली, शेजारच्या तिघी विडी वळायला तिच्याकडेच बसतात, तिघींच्याही गोळ्या चालू आहेत आणि तिघी चहाबरोबर घेतात. तिने त्यांना लिंबू दिलं. "कॉफीचं काय ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. मी तिला रविवारी सकाळी तिघींना घेऊन यायला सांगितलं आहे.